चिंचगाळी केंद्रावरची दुपार

फेब्रुवारी उलटत आला की बेळगावात कॅम्पातली जुनी झाडं पानं टाकतात. झाडूवाल्यांचं काम दुप्पट होतं आणि सकाळच्या हवेत सुक्या पानांच्या धुराचा वास राहतो. यंदा त्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला मतदारयादी लागली. दूध घेऊन परतणारे लोक तिच्यापुढे थांबतात, बोट फिरवत स्वतःचं नाव शोधतात, सापडलं की निघून जातात. वय चुकलंय, आडनाव चुकलंय, अशी कुरकुर करतात. यादीत नाव असणं आता कुणाला विशेष वाटत नाही. वय भरलं की नाव येतं.

माझी नजर नावावर फार वेळ राहत नाही. ती त्यापुढच्या रकान्याकडे जाते. वडिलांचे अथवा पतीचे नाव. तो रकाना वाचताना खानापूरच्या जंगलातली एक पानगळ आठवते. ते शेहेचाळीस साल होतं.

गुंजी स्टेशनावर उतरून पश्चिमेला चालायला लागलं की दोन तासांनी चिंचगाळी येते. गाव म्हणण्याइतकी घरं एका जागी नाहीत. चार घरं ओढ्याच्या अलीकडे, तीन पलीकडे, मग मैलभर रान, मग टेकाडावर आणखी एखादं छप्पर. मधे भाताची खाचरं. एका घरातली हाक दुसऱ्या घरी पोचत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की अलीकडचे लोक पलीकडच्यांना आठवडा आठवडा बघत नसत. चूल पेटलेली दिसली की माणसं आहेत एवढं कळायचं.

अशा गावाचा निवडणुकीचा इतिहास लिहायला कागद फार लागत नाही. शतकाच्या सुरुवातीला लोकल बोर्डात काही सभासद निवडून जात, बाकीचे सरकार नेमत असे. चिंचगाळीला ह्यातलं काही कळलं नाही. बोर्डाचा रस्ता गुंजीच्या अलीकडे संपायचा, आणि बोर्डही तिथेच संपतं असा लोकांचा समज होता. पुढे मुंबईच्या कौन्सिलच्या निवडणुका आल्या. ठराविक रकमेच्या वर शेतसारा भरणाऱ्याला मत मिळालं. जंगलातली खाचरं लहान, पीक वर्षाला एक, आणि त्यातही गवे आणि रानडुकरं वाटेकरी, म्हणून सरकारने तिथला सारा हलका ठेवला होता. सारा हलका म्हणून मत नाही. चिंचगाळी आणि तिच्या वाड्या मिळून एकच मतदार निघाला, तो म्हणजे पाटलांचे वडील.

हे मला पाटलांनीच सांगितलं. पाटलांना गावात सगळे पाटील आप्पा म्हणत. साठीचा, काटकुळा, सुपारी कातरत बोलणारा माणूस. त्यांचे वडील धुतलेलं धोतर नेसून गुंजीला चालत गेले, रेल्वेने खानापूरला गेले, मत देऊन दुसऱ्या दिवशी परत आले. सगळं गाव विचारायला जमलं.

"कुणाला घातलासा म्हणून इचारलं, तर बा म्हणतोय, त्ये सांगायचं नसतंय," पाटील आप्पा सांगत होते. "गावात एकच मत, आनि त्ये बी गुपित! आई म्हणली, मला तरी सांगा. तिला बी न्हाय सांगितलं. मरोस्तोवर न्हाय सांगितलं."

पुढच्या खेपेला ते गेले नाहीत. भात कापणीला आलं होतं आणि गव्यांचा कळप खाचरात शिरला होता. त्या निवडणुकीत चिंचगाळीतून कुणीच मत दिलं नाही, अशी नोंद करायला हरकत नाही. करणारं मात्र कुणी नव्हतं.

सदतीस साली साऱ्याची अट खाली आली. आणखी काही खातेदार यादीत आले. आणि नवऱ्याच्या साऱ्यावर काही बायकांची नावं आली. जंगलातल्या मतदारांना खानापूरपर्यंत चालायला लावू नये म्हणून चिंचगाळीच्या एका खोलीच्या शाळेत केंद्र दिलं. गावाने पहिल्यांदा पेटी पाहिली. ज्यांना मत नव्हतं तेही पाहायला आले. मत नसलेलेच जास्त होते.

यादीत बायकांची नावं दोन-तीनच होती आणि त्यातली एकच आली. तिचं नाव तुळसा. ओमाण्णा गावड्याची बायको, टेकाडावरच्या घरातली.

"ओमाण्णा फुडं, ही मागं," पाटील आप्पा म्हणाले. "सायेब म्हणला, एकेकानं आत या. तर ही दारातनं हलंना. ओमाण्णा आत गेला, भायेर आला, हसला, आनि म्हणला, जा गं, चावत न्हाय त्ये. मग गेली. भायेर आली ती घामानं भिजलेली. आनि मग दोघं त्या फणसाखाली बसली आनि भाकरी सोडली."

ह्यात सांगण्यासारखं काय, हे मला लगेच कळलं नाही. पाटलांनी समजावलं. नवऱ्याच्या शेजारी बसून बाईने चारचौघांत जेवायचं, असं त्या बाजूला कुणी करत नाही. नवरा जेवून उठतो, मग बाई बसते. त्या दिवशी घर लांब, ऊन चढलेलं, परतायला उशीर होणार, म्हणून ती दोघं बरोबर जेवली. गावाने ते एकदाच पाहिलं. पुष्कळ दिवस त्यावर थट्टा चालली.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर ओमाण्णा मुंबईला गेला. गोदीत काम मिळालं असं कळलं. पुढच्या पावसाळ्यात त्याचं एक कार्ड आलं, खुशाल आहे, भात कसं आहे, म्हशीची रेडी विकू नका. त्यानंतर काही आलं नाही. गावाकडची दोन माणसं मुंबईत शोधून आली. कुणी म्हणालं बोटीवर गेला, कुणी म्हणालं दुसऱ्या गोदीत आहे. मग लढाई सुरू झाली, आणि विचारायला जाणंही बंद झालं.

लढाईच्या वर्षांत निवडणुका झाल्या नाहीत. पेटी खानापूरच्या कचेरीत पडून राहिली. चिंचगाळीची शाळा अधूनमधून बंद असे, कारण मास्तर टिकत नसत. संध्याकाळी सहानंतर तिथे बोलायला माणूस नाही, असं एका मास्तराने बदलीच्या अर्जात लिहिलं होतं. मी तो अर्ज पुढे कचेरीत पाहिला. त्याची बदली झाली.

शेहेचाळीस साली मी बेळगावच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. तालुक्यातल्या सर्वांत आडबाजूच्या केंद्रावर जाऊन चार ओळी आणा, असं मला सांगितलं गेलं. शिमगा जवळ आला होता. रात्री थंडी आणि दुपारी ऊन, असे दिवस. वाटेवर सागाची आणि किंदळाची पानं घोट्यापर्यंत साचलेली होती. त्या दिवसांत जंगलात माणूस दिसण्याआधी ऐकू येतो. पावलांचा आवाज लांबून येत राहतो, जवळ येतो, कधी वळणावरून दुसरीकडे जातो. पुष्कळदा तो माणसाचा नसतोच.

केंद्राधिकारी म्हणून खानापूरकडच्या एका शाळेचे हेडमास्तर आले होते. घरी कन्नड बोलणारे, मराठी स्वच्छ, नियमाचे पक्के. एका उमेदवाराचा एजंट होता, गडद टोपीचा, गमत्या स्वभावाचा. एक पोलीस होता. पाटील आप्पा ओळख पटवायला बसले होते. कोपऱ्यात दोरीवर घोंगडी टाकून मत देण्याचा आडोसा केला होता.

बारापर्यंत येणारे सगळे मतदार येऊन गेले. त्यानंतर केंद्र संध्याकाळपर्यंत उघडं ठेवायचं होतं. हेडमास्तरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पोलीस भिंतीला टेकून बसला. एजंटाने पाटलांना विचारलं, "पाटील आप्पा, तुमच्याकडं गुरं किती, मतं किती?"

"गुरांस्नी सारा न्हाय, म्हणून मत न्हाय," पाटील म्हणाले. "न्हायतर तुमी पडला आसता."

सगळे हसले. हसणं संपल्यावर काही राहिलं नाही. बाहेर पानं पडत होती. एकेक पान पडलेलं ऐकू येत होतं. बातमीदाराच्या धंद्यात गर्दीच्या जागा खूप वाट्याला आल्या. त्यातल्या बऱ्याचशा विसरलो. ती रिकामी खोली विसरलो नाही. सरकारने तिथे एक टेबल, एक पेटी, चार माणसं आणि एक दुपार पाठवली होती, आणि ती सगळी कुणाची तरी वाट बघत बसली होती.

दोनच्या पुढे पावलं ऐकू आली. टेकाडाच्या बाजूने, एकट्या माणसाची. बराच वेळ ऐकू येत राहिली. पाटलांनी सुपारी कातरायचं थांबवलं आणि म्हणाले, "तुळसा आसणार."

ती दारात आली. चाळिशीच्या आसपासची बाई. धुतलेलं लुगडं, हिरवा चुडा, कपाळावर आडवं कुंकू. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती आत येताच बाहेर फणसाजवळ एक माणूस येऊन बसला. तो दोर वळत होता. पाटील माझ्याकडे झुकून हळू बोलले. तो मष्णू, ओमाण्णाचा धाकटा भाऊ.

हेडमास्तर प्रत्येक मतदाराला यादीतली पूर्ण नोंद वाचून दाखवत आणि विचारत, ही व्यक्ती तूच काय. उत्तर होय आलं तरच मतपत्रिका. सकाळपासून ते तसंच करत होते. आता त्यांनी ओळीवर पट्टी ठेवली आणि वाचलं.

"तुळसा, ओमाण्णा गावडा याची विधवा. तूच काय?"

ती पट्टीकडे बघत राहिली. ऐकू आलं नसेल असं समजून त्यांनी पुन्हा मोठ्याने वाचलं.

"तुळसा मी," ती म्हणाली. "फुडचं वाचलासा, त्ये मी न्हवं."

"यादीत तसं आहे."

"यादीत आसंल. घरात न्हाय."

एजंट पुढे सरकला. त्याला एक मत जाताना दिसत होतं. "वैनी, कागदावरचं हाय त्ये. व्हय म्हणा आनि मोकळ्या व्हा. घरला जाऊन कुंकू लावा की परत, कोण पुसाय येतंय?"

पोलीस हसला. ती एजंटाकडे वळली. "आसं तुमच्या बायकोला सांगशीला?"

पोलिसाचं हसणं थांबलं. एजंट टोपी काढून टोपीच्या आत बघू लागला.

गोष्ट काय होती ती पाटलांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितली. माणूस बेपत्ता झाला तर सरकार सात वर्षं थांबतं, मग तो मेला असं धरता येतं. गाव बारा वर्षं थांबतं. बारा भरली की दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, दहावं-बारावं करायचं, आणि मग बाईने कुंकू पुसायचं. ओमाण्णाचं कार्ड येऊन सात वर्षं भरली होती, बारा भरली नव्हती. नवी यादी होताना मष्णूने तलाठ्याला भाऊ वारला असं सांगितलं. तुळसाला मूल नव्हतं. जमिनीचं खातं ओमाण्णाच्या नावावर होतं. ते आपल्या नावावर करायचा मष्णूचा अर्ज पडून होता, कारण पाटलांनी जबाबात गावच्या बारा वर्षांची गोष्ट लिहून दिली होती.

"आता हितं सायबाफुडं व्हय म्हणली," पाटील म्हणाले, "तर सपलं. मष्णू त्येच ऐकाय बसलाय. न्हाय म्हणली, तर मत गेलं."

मी आत पाहिलं. ती घोंगडीच्या आडोशाकडे बघत उभी होती.

"गेल्या येळंला ह्यो कोपरा न्हवता," ती हेडमास्तरांना म्हणाली. "त्यो हुता. खिडकीकडचा."

हेडमास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांना तिला मत देऊ द्यायचं होतं, हे मला दिसत होतं. नोंद बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ते पुटपुटले, "इरली, इरली," म्हणजे असू दे. मग त्यांनी कन्नडमध्ये, जरा मऊ आवाजात विचारलं, "हौदो, अल्लो?" होय की नाही, एवढंच सांग.

त्या मुलखात सगळ्यांना तेवढी कन्नड येते. ती म्हणाली, "अल्ल."

"मग मला कागद देता येत नाही, बाई."

"नगा दिऊ."

ती बाहेर गेली, पण घरी गेली नाही. फणसाखाली मष्णूपासून लांब, दुसऱ्या बाजूला बसली. फडकं सोडलं. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी परत बांधली. मष्णूने दोर गुंडाळला आणि तो निघून गेला. त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

संध्याकाळी पेटीला लाख लावून झाल्यावर हेडमास्तर तक्ता भरायला बसले. किती आले, किती कागद दिले, किती खराब झाले, किती गैरहजर. त्यांची लेखणी थांबली.

"तुम्ही लिहिण्यातले," ते मला म्हणाले. "हिला काय म्हणू?"

"गैरहजर म्हणा," मी म्हणालो. रकाना तेवढाच होता.

"आली होती हो."

"कागद घेतला नाही ना."

त्यांनी गैरहजर लिहिलं. शाई टिपली आणि पुन्हा एकदा ते वाचलं.

मी गुंजीच्या वाटेला लागलो तेव्हा ती पुढे चालत होती. टेकाडाकडे जाणारा फाटा येईपर्यंत वाट एकच होती. पानांमुळे माझी पावलं तिला ऐकू आली आणि ती बाजूला होऊन थांबली.

"तुमी पेपरवालं न्हवं? पाटील आप्पा म्हणत हुतं."

"होय."

"तुमचा पेपर मुंबैला जातोय?"

जात होता. मुंबईतल्या काही बेळगावकरांना टपालाने अंक जात. चार-दोन, फार नाही. तसं मी सांगितलं.

"चार-दोन बी चालंल. गावचा पेपर म्हटल्यावर कोनतरी वाचून दावंल. मी न्हाय म्हणली, त्ये छापा. ह्येंच्या कानावर गेलं तर बास."

तिने त्याचं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नाव मी यादीवरून टिपून घेतलं होतं.

"छापतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

फाट्यावर ती वळली. त्या टेकाडावर तेव्हा एकाच घराचा धूर निघत असे. त्या संध्याकाळी तो अजून निघत नव्हता, कारण चूल पेटवणारी व्यक्ती वाटेवर होती.

आमच्या कचेरीत बातमीचे नियम थोडे होते आणि ते कडक होते. अंदाज लिहायचा नाही. कुणाच्या बाजूचं विशेषण लावायचं नाही. नाव, पद, नातं ह्यांबद्दल शंका असेल तर सरकारी कागदात जे आहे ते घ्यायचं. हे नियम मला पटलेले होते, आजही बरेचसे पटतात. त्यांच्यामुळे आमचं साप्ताहिक कोर्टात कधी हरलं नाही. गाडीत बसून, कंदिलाच्या उजेडात, मी पेन्सिलीने बातमी लिहिली. चार ओळी मागितल्या होत्या, चार ओळी लिहिल्या. चिंचगाळी केंद्रावर मतदान शांततेने पार पडले. दुपारी ओमाण्णा गावडा याची विधवा तुळसा हिने नोंद मान्य नसल्याचे सांगून मतपत्रिका घेण्यास नकार दिला.

लिहिताना मी अडखळलो नाही. हे नोंदवून ठेवायला हवं. हात थांबला, विचार केला, आणि मग नियम पाळला, असं झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. यादीत होता तो शब्द पेन्सिलीतून सरळ उतरला. संपादकांनी बातमी वाचली आणि एकही अक्षर न बदलता खाली पाठवली. चांगल्या बातमीची खूण तीच मानली जायची. अंक निघाला, मुंबईला चार-दोन प्रती गेल्या, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

पुढच्या पानगळीत, सत्तेचाळीसच्या सुरुवातीला, खानापूरला लाकडाचा लिलाव होता. त्याची बातमी करायला गेलो आणि एक दिवस हाताशी उरला म्हणून गुंजीला उतरलो. देशात तेव्हा मोठ्या गोष्टी चालल्या होत्या. गुंजीच्या फलाटावर त्यांतलं काही नव्हतं. एक हमाल, एक झोपलेलं कुत्रं, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पानं.

पाटील आप्पा ओट्यावरच भेटले. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ते सुपारी कातरत राहिले.

"तुमचा पेपर लई कामाला आला," शेवटी ते म्हणाले. "मष्णूच्या."

मष्णूचा अर्ज सर्कलपुढे, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या अंमलदारापुढे, चौकशीला आला होता. पाटलांनी तोंडी सांगितलं, की बाईने सगळ्यांपुढे, सरकारी माणसापुढे, नाही म्हटलंय. सर्कलने कागद मागितला. मतदानाच्या तक्त्यात ती गैरहजर होती. तेव्हा मष्णूने घडी घातलेला आमचा अंक पुढे केला. बेळगावचा पेपर, छापील अक्षर, पाटलांशी किंवा मष्णूशी कसलंच नातं नसलेल्या माणसाने लिहिलेलं. सर्कल म्हणाला, पेपरवाला स्वतः तिथे हजर होता, त्यानेही विधवा असंच लिहिलं आहे. फेरफार मंजूर झाला. खातं मष्णूच्या नावावर गेलं.

"घर?"

"घरात हाय ती. मष्णू काय लगी भायेर काढत न्हाय. गाव हाय न्हवं अजून. पन खाचरात पाय ठेवायचा तर त्येला इचारून."

"आणि कुंकू?"

"त्ये हाय. गेल्या म्हयन्यात हळदीकुंकवाला माझ्या सुनेनं बलवून आनलं, वटी भरली. बायकांत आजून बाराच चालतंय." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पन यादीतली नोंद आता न्हाय म्हणं बदलनार."

मी टेकाडाच्या वाटेला लागलो. काय बोलायचं ते चालताना ठरवत होतो. खुलासा छापतो म्हणावं, असं ठरलं. खुलासा छापायला संपादक पुरावा मागतील, हे माहीत होतं. नवरा जिवंत असल्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता. मेल्याचाही कुणाकडे नव्हता. मेल्याचा शब्द मात्र छापून गेला होता.

ती फाट्याच्या जरा वर, वाटेच्या कडेला, पालापाचोळा गोळा करत होती. पावसाआधी भाताचं रोप करायची जागा भाजावी लागते, त्यासाठी पानं आणि डहाळ्या साठवतात. खाचर आता तिचं नव्हतं. काम तेच होतं. तिने मला ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

"पेपरात आलं म्हणं."

"आलं."

"तुमीच लिव्हलासा?"

"मीच."

तिने एक डहाळी गुडघ्यावर मोडली. "तुमी तितं हुता. मी दारात आले तवा तुमी बाकड्यावर हुता. माझ्या तोंडाकडं बगत हुता."

"होय."

"मग बगून लिव्हलासा, का यादीवरनं लिव्हलासा?"

ह्या प्रश्नाला दोन उत्तरं नव्हती. मी म्हणालो, "यादीवरून."

तिने मान हलवली. राग दिसला नाही. मष्णूने असं करावं हे तिला समजण्यासारखं होतं. परक्या माणसाने, काहीच मिळायचं नसताना, तेच करावं, ह्याचा ती विचार करत असावी. हे मात्र मी अंदाजाने लिहितो आहे.

"मुंबैला गेला आंक?"

"गेले, चार-दोन."

"म्हंजी त्येंनी वाचला आसंल, तर आपन मेलोय आसंच वाचलं आसंल." ती पहिल्यांदाच थोडं हसली. "आता कशाला येत्यात!"

मी खुलाशाचं बोललो. संपादकांना सांगतो, चुकीची दुरुस्ती छापायला लावतो, असं म्हणालो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर्कल त्यो वाचून खातं माघारी दील?"

"नाही देणार."

"मग ऱ्हाऊ दे." तिने वेलीने भारा आवळला आणि एका खोडाला टेकून उभा केला. "त्येवडा भारा उचलू लागा. सकाळपास्नं बांधून ठेवलेला हितं बाजूला आनि एक हाय. ह्या वाटंनं माणूस येत न्हाय, मग बसून ऱ्हावं लागतंय."

भारा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. एकट्याने बांधता येतो, एकट्याने वाहता येतो, जमिनीवरून डोक्यावर मात्र एकट्याने घेता येत नाही. ती चुंबळ डोक्यावर ठेवून वाकली. मी भारा धरला. तो वाटला त्यापेक्षा जड होता. तिने दोन्ही हातांनी तो वर सावरला, मान सरळ केली आणि बांगड्या मागे सारल्या.

"सुटला," ती म्हणाली. म्हणजे हात सोडा.

मी हात सोडले. ती वर गेली. मी तिथेच उभा राहिलो, कारण बाजूला ठेवलेला दुसरा भारा न्यायला ती परत येणार होती आणि तेव्हाही कुणीतरी लागणार होतं. गुंजीची संध्याकाळची गाडी चुकली. पानांतून तिची पावलं लांब जात राहिली, थांबली, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा ऐकू यायला लागली.